खोलीच्या तापमानाला चोवीस बाटल्या

सुरुवातीलाच माफी मागतो. लेख लिहिणं हे ज्यांच्या घरी पुस्तकांचं कपाट असतं त्यांचं काम, असं मला अजूनही वाटतं. आमच्या घरी पत्र्याची एक पेटी आहे. तिच्यात बाबांचा मापाऱ्याचा परवाना, आजोबांचा एक फोटो आणि माझी पहिलीपासूनची प्रगतिपत्रकं आहेत. घरातला कॉलेजात गेलेला मी पहिला. मला लिहिता येतं ते प्रयोगवहीत: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. गेल्या वर्षीच्या एका प्रयोगाचा निष्कर्ष मला लिहूच दिला नाही, म्हणून तो इथं लिहायला बसलो आहे. शिवाय मला राग आलेला आहे. रागात काही लिहू नये असं शाळेत शिकवलं होतं. त्याचीही माफी.

एप्रिल परत आला. मी सध्या अकोल्यात पाण्याचे जार भरणाऱ्या एका छोट्या कारखान्यात नमुने तपासतो. पत्र्याचं शेड आहे. दुपारी दोनला नळाखाली हात धरला तर चहाला ठेवलेलं पाणी वाटतं. त्या वेळी उन्हात ठेवलेले रिकामे जार फुगतात आणि मधूनच एखादा 'टक्' असा आवाज करतो. तो आवाज आला की मी खाली वाकतो. डोकं दोन्ही हातांत घेतो. सोबतची पोरं हसतात.

"पाण्याचा जार हाय बे, बाँब नाई."

मीही हसतो. आणि मग तासभर मला काही सुचत नाही.

बाँब नव्हताच तो कधी. ज्वारीची बिअर होती. हे वाक्य इतकं सरळ आहे, आणि ते मी वर्षभर कुणासमोरही बोललो नाही.

बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं, विषय सूक्ष्मजीवशास्त्र, कॉलेज अमरावतीचं. प्रकल्पाला विषय काय घ्यावा हे मला कळत नव्हतं. आमचे मार्गदर्शक सर म्हणाले, "तुमच्याकडे ज्वारी पिकते ना रे? मग ज्वारीची बिअर कर. सगळे सातूची करतात. आपण ज्वारीची करून दाखवू." 'आपण' म्हणाले. सरांचं नाव मी लिहिणार नाही. याच सरांनी पहिल्या वर्षी मला घरी परत जाण्यापासून थांबवलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली मला काहीच दिसत नव्हतं, डोळा लावला की माझ्याच पापण्या दिसायच्या. सगळी मुलं गेल्यावर सरांनी माझा हात सूक्ष्मदर्शकाच्या चाकावर ठेवला, वरून स्वतःचा हात ठेवला आणि हळूहळू फिरवला. "आता?" मला यीस्टच्या पेशी दिसल्या. गोल, एकीला एक कोंब फुटलेला. "आता दिसलं," मी म्हणालो. ते सर नसते तर मी आज तेल्हाऱ्याच्या बाजारात पोती मोजत असतो. म्हणूनच हा राग असा मधेच अडकतो. पूर्ण बाहेर येत नाही, पूर्ण खालीही जात नाही.

घरी दारू गाळणं गुन्हा आहे, हे मला ठाऊक होतं. मी विचारलंही. सर म्हणाले, प्रयोगशाळेत दरवर्षी द्राक्षाची वाइन करतात, तसाच हा प्रयोग आहे, परवानगीचा कागद मी नंतर करून देतो. मी विश्वास ठेवला. सरांच्या बोलण्यानंतर कागद मागायचा असतो, हे आमच्याकडे कुणी शिकवलं नव्हतं.

घरी मात्र मी खरं सांगितलं नाही. आमच्या घरात दीक्षा घेतल्यापासून दारू शिवलेली नाही, हे बाबा असं सांगतात जसं दुसरे लोक सात-बारा दाखवतात. रोज सकाळी पंचशील म्हणताना पाचव्या, दारू न पिण्याच्या शिलाला त्यांचा आवाज थोडा चढतो. त्यांना मी फोनवर म्हणालो, "ज्वारीचं सरबत करून राहिलो, बाबा. कॉलेजात." ते खूश झाले. त्यांनी एसटीच्या कंडक्टरबरोबर दहा किलो ज्वारी पाठवली, निवडून, पाखडून, एक खडा नाही. त्या ज्वारीला मोड आणले, कॉलेजच्या गच्चीवर वाळवली, भरडली, शिजवली. कडवटपणासाठी संत्र्याची साल घातली. खोटं बोलून मागवलेल्या ज्वारीला इतका छान वास यावा, याचीही मला तेव्हा लाज वाटायची.

ज्यांना ही विद्या ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. यीस्टनं पिठातली साखर खाऊन संपवली की बिअर तयार होते, पण ती निपचित असते. फेस नाही, बुडबुडा नाही. शिळ्या पाण्यासारखी. मग ती बाटलीत भरायची, बाटलीत अगदी थोडी साखर टाकायची आणि टोपण घट्ट दाबायचं. बिअरमध्ये उरलेलं जिवंत यीस्ट ती साखर खातं आणि वायू सोडतं. टोपण बंद असल्यानं वायूला बाहेर जाता येत नाही, म्हणून तो बिअरमध्ये विरघळतो. साधारण दोन आठवडे लागतात. बाहेरून गॅस भरायचा नाही, यंत्र नाही, सिलिंडर नाही. आतल्या जीवांनीच ते पेय जिवंत करायचं. मला हे फार आवडलं होतं. मी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं होतं, 'ज्याला बाहेरून कुणी काही देत नाही त्याला ही पद्धत कळेल.' आता ते वाक्य वाचलं की स्वतःचाच राग येतो. किती भाबडं असावं माणसानं.

पुस्तकात लिहिलं होतं: 'बाटल्या खोलीच्या तापमानाला दोन आठवडे ठेवाव्यात.'

कोणाच्या खोलीच्या? हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही, आता रोज पडतो. ज्यानं ते पुस्तक लिहिलं त्याच्या खोलीत वीस अंश असतील, खिडकीबाहेर धुकं असेल. माझी खोली अमरावतीत पत्र्याखाली होती. वर पंखा, खिडकीत कूलर, आणि दुपारी लाइट गेली की कूलरमधली वाळ्याची ताटीसुद्धा कोरडी पडून खरखरायची. त्या खोलीचं तापमान कुठल्याच पुस्तकात नाही. आपण वापरतो ती सगळी मापं दुसऱ्यांच्या खोलीत बसून ठरवलेली असतात, आणि चुकलं की चूक आपली.

प्रयोगशाळेत एक थंड कपाट होतं. आत बावीस अंश तापमान ठेवता येतं. मी सरांना म्हणालो, "सर, बाटल्या त्यात ठेवू का? दोनच आठवडे." सर म्हणाले, "परीक्षा आहेत, लॅबला कुलूप राहील. शिवाय तपासणीला लोक येणारेत, कपाट रिकामं हवं. रूमवर ठेव. काही होत नाही." आणि माझ्या वहीत, 'ज्वारीची बिअर' या मथळ्याखाली, लाल शाईनं स्वतः लिहिलं: 'बाटल्या २४. साखर १ चमचा प्रति बाटली. रूमवर ठेवणे.' खाली बारीक सही.

त्या एप्रिलभर त्या कपाटात काय होतं माहीत आहे? स्टाफचा ताकाचा डबा आणि पाण्याच्या बाटल्या. हे मला नंतर शिपायानं सांगितलं. बावीस अंशांवर ताक.

माझा खोलीतला जोडीदार गजानन. मूर्तिजापूरकडचा, घरी शेती, शिकायला इतिहास. त्याला यीस्ट म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण बाटल्या त्यानंच आणल्या. भंगारवाल्याकडून बिअरच्या चोवीस रिकाम्या बाटल्या निवडून आणल्या, दोन दिवस सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवल्या, लेबलं खरवडली. घरमालकीणबाई जिन्यातून विचारायच्या, "काय रे, कोणाचं लगन?" गजा म्हणायचा, "काकू, शरबत हाय, ज्वारीचं." माझं खोटं त्यानं जसंच्या तसं उचललं होतं.

टोपण दाबायचं हातयंत्र गफूरचाचांचं. चाचांचं गोटी सोड्याचं जुनं दुकान. त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याजवळ एक पांढरा व्रण होता. फुटलेल्या बाटलीचा. त्यांनी माझी सगळी कहाणी ऐकली. बिअर म्हटल्यावर एकदा "तौबा" म्हणाले, मग लगेच विचारलं, "दबाव कितना?"

मी सांगितलं, तो मोजायचं साधन नाही.

"बोतल बोलती है बेटा, सुनना पडता. मैं भी पीता नहीं, तू भी पीता नहीं. अपन दोनो सुनेंगे."

बाटल्या भरायच्या दिवशी सकाळी मी लॅबमधून खोलीवर आणलेल्या कॅनमधून नळीनं एकेक बाटली भरली आणि पहिल्या बारांमध्ये माझ्या हातानं साखर टाकली. चमचा साखरेत बुडवायचा, वरून सुरीची पाठ फिरवायची, जास्तीची साखर खाली पाडायची, सपाट चमचा बाटलीत ओतायचा. बारा झाल्यावर चाचांचा निरोप आला, यंत्र घेऊन जा, संध्याकाळी परत हवं. मी गजाला म्हणालो, "उरलेल्या बारात एकेक चमचा टाक, मी आलोच," आणि सायकल काढली.

चाचांनी यंत्र दिलं आणि मला बसवून घेतलं. म्हणाले, गरमीत ते स्वतः सोड्यात गॅस कमी भरतात. "गर्मी में बोतल को थोडा भूखा रखना." दोन बाटल्या माझ्याकडे ठेव, म्हणाले, माझ्या पाण्याच्या हौदात, ओल्या पोत्याखाली, बघू काय होते. मी हो म्हणालो, आणि संध्याकाळी यंत्र परत करताना माझ्या बारातल्या दोन तिथं ठेवून आलो. ते मला बाटली उपाशी ठेवायला शिकवत होते तेव्हाच खोलीवर गजा बाटल्यांना पोटभर जेवू घालत होता.

हे कळायला तुम्हाला आमच्याकडचं माप कळायला हवं. बाबा मापारी आहेत. आता बाजारात काटा इलेक्ट्रॉनिक झाला, पण घरी पितळेचं जुनं माप अजून आहे. बाजारात धान्य मोजताना मापावर काठी फिरवून सपाट करायचं, नाहीतर कुणाच्या तरी पोटावर पाय. पण घरून कुणाला द्यायचं असेल तर सपाट माप देत नाहीत. माप भरायचं, वर धान्य रचायचं, टेकडीसारखं, घरंगळेपर्यंत. त्याला शीग म्हणतात. बाबा म्हणतात, "बजारात काठी, घरात शीग." शीग न लावता दिलेलं धान्य म्हणजे देणाऱ्याची कंजूषी आणि घेणाऱ्याचा अपमान. गजाच्या घरीही तेच. सुगीत सोंगणीवाल्या बायांना त्याची माय शीग लावूनच ज्वारी घालते, आणि ओंजळभर वरून.

मी त्याला 'एकेक चमचा' म्हणालो. सपाट म्हणालो नाही. मला वाटलं, त्यानं पाहिलंय. त्यानं पाहिलं होतं, आणि त्याला माझी दया आली होती.

नवव्या दिवशी माझा पेपर होता. दुपारी लाइट गेली. कूलर बंद पडला, पंखा बंद पडला. गजा चटईवर पडला होता. त्यानं नंतर सांगितलं ते असं: आधी एक आवाज झाला. त्याला वाटलं, कुणी वर पत्र्यावर दगड मारला. मग दुसरा. मग त्यानं साखर टाकलेल्या बाटल्यांच्या खोक्यातून फेस आला. तो पळून जाऊ शकला असता, दार उघडं होतं. पण शेजारच्या खोक्यात माझ्या बाटल्या होत्या, माझा प्रकल्प होता. तो ओलं पोतं घेऊन त्यांच्यावर झाकायला गेला. तेव्हा तिसरी आणि चौथी फुटली. त्याच्या हातात काच घुसली, आणि एक तुकडा भुवईच्या वर. डोळा दोन बोटांनी वाचला.

मी परीक्षेच्या हॉलमधून बाहेर आलो तेव्हा फोन चालू केला आणि फोन थांबेचना. गल्लीतल्या कुणीतरी व्हिडिओ काढला होता. जिन्यावरून ओघळणारा फेस, काचा, रक्ताचे थेंब, आणि वर लिहिलेलं: 'विद्यार्थ्याच्या खोलीत हातभट्टी.' मी खोलीवर जाऊन, दोन्ही खोकी पाहून दवाखान्यात पोहोचायच्या आधी तो व्हिडिओ तेल्हाऱ्याच्या बाजारात पोहोचला होता. बाबांनी तो दुसऱ्याच्या मोबाइलवर पाहिला. हमालांनी त्यांना हाक मारून दाखवला.

हातभट्टी! मोठ्या शहरांत काचेच्या भिंतीमागे तांब्याची भांडी ठेवून हीच बिअर करतात. लोक रांग लावून जातात, ग्लासासोबत फोटो काढतात, 'हाताने बनवलेली' म्हणून जास्त चवीनं पितात. तिथं हात म्हणजे कला. आमचा हात लागला की भट्टी. त्या व्हिडिओखाली हसणारे चेहरे टाकणाऱ्यांमध्ये माझ्या वर्गातली मुलं होती. त्यांनी माझी मोड आलेली ज्वारी लॅबमध्ये पाहिली होती, चाखूनही पाहिली होती. एकानंही लिहिलं नाही की हा कॉलेजचा प्रकल्प आहे. मला सगळ्यांची नावं पाठ आहेत. लिहीत नाही, एवढंच.

दवाखान्यात गजाला सात टाके पडले होते. भुवईवर पट्टी, हात गळ्यात. मी रडायच्या बेतात होतो. त्यानं मलाच विचारलं, "तुह्या बाटल्या वाचल्या का बे?"

"माझ्या खोक्यातली एकही आपली आपण फुटली नाही. तुझ्याच खोक्यातल्या फुटल्या. गजा, तू साखर किती टाकली होती?"

"एकेक चमचा. तुनंच सांगतलं."

"सपाट?"

त्यानं बांधलेल्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, "शीग लावली. लेका, एवढुसा चमचा, त्याच्यावरबी तू सुरी फिरवून राहिला होता. मले पाहून कसंतरीच वाटलं. म्हटलं, आपल्याकडून काहून कमी पडू द्याचं?"

मी हसलो. तोही हसला आणि टाके ओढले म्हणून शिव्या दिल्या. नर्सबाई म्हणाल्या, दारू उतरली नाही वाटते अजून.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं बाबा आले. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला, जो ते फक्त चौदा एप्रिलला घालतात. गजाजवळ बसले. "दुखते का रे?" विचारलं. त्याला चहात बुडवून बिस्किटं भरवली, कारण उजवा हात बांधलेला होता. खोलीवर येऊन उरलेल्या काचा स्वतः झाडल्या. घरमालकानं वाचलेल्या बाटल्या नालीत ओतल्या होत्या, त्याचा वास अजून जिन्यात होता. बाबांनी तो घेतला, मला दिसलं. मला त्यांनी काहीही विचारलं नाही. एक शब्द नाही. दुपारच्या एसटीनं परत गेले. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानंतर वर्षभर आम्ही पाण्याबद्दल, मायच्या गुडघ्याबद्दल, कापसाच्या भावाबद्दल बोललो. त्या गोष्टीबद्दल नाही.

मग चौकशी बसली. तीन खुर्च्या. मधल्या खुर्चीत प्राचार्य, एका बाजूला कुणीतरी वकील, दुसऱ्या बाजूला आमचे सर. ज्यांना प्रश्न विचारायचे तेच विचारणाऱ्यांत बसले होते, आणि हे कुणालाच विचित्र वाटलं नाही.

प्राचार्यांनी सरांनाच आधी विचारलं. सर म्हणाले, "मी याला सिरक्याचा प्रयोग दिला होता. ज्वारीपासून सिरका, म्हणजे व्हिनेगर. हे बिअरचं याचं स्वतःचं. मुलगा हुशार आहे, पण पार्श्वभूमीमुळे कधी कधी..." वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. पूर्ण करायची गरजही नव्हती, तिघांनाही कळलं.

माझी वही माझ्या पिशवीत होती. मांडीवर. लाल शाईची तीन वाक्यं, खाली सही. मला फक्त चेन उघडायची होती. मी चेनवर अंगठा ठेवला होता, अजून तिचे दात बोटाला आठवतात. आणि मी ती उघडली नाही.

का उघडली नाही, हे मी स्वतःला शंभर वेळा विचारलं. एकदा वाटतं, सूक्ष्मदर्शकाच्या चाकावर ठेवलेला तो हात आठवला म्हणून. सरांना सगळ्यांसमोर खोटं पाडायचं कसं? लहानपणापासून ऐकलं होतं, गुरुजींचा शब्द खाली पडू देऊ नये. पण ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी अशी की वही उघडली असती तर कागदावर 'बिअर' हा शब्द आला असता, सरकारी शिक्क्यासह, आणि तो बाबांपर्यंत गेला असता. मी त्यांना सरबत म्हणालो होतो. सर सिरका म्हणत होते. त्या खोलीत खोटं बोलणारे आम्ही दोघं होतो, आणि त्यांच्या खोटेपणानं माझा खोटेपणा झाकला जात होता. माझा सगळ्यात मोठा राग या जागेवर आहे. सरांवरचा राग मी उजेडात धरू शकतो. हा धरवत नाही.

प्राचार्य म्हणाले, "अहवाल येईपर्यंत निकाल राखून ठेवू." प्रकल्पाच्या पानावर मार्गदर्शकाची सही नाही, म्हणून गुण नाहीत, म्हणून पदवी नाही, म्हणून पुढचा प्रवेश नाही. खिडकीवर गेलो की कारकून म्हणायचे, "सर सुट्टीवर." मग "फाइल वर गेली." मग नुसतीच मान हलवायचे. बरोबरची मुलं एम.एस्सी.ला गेली. मी अकोल्याला जार तपासायला आलो.

एक गोष्ट मात्र त्या मे महिन्यात झाली, ती सांगायलाच हवी, नाहीतर हा लेख नुसताच कडू होईल. गजाचे टाके निघाल्यावर आम्ही चाचांकडे गेलो. त्यांनी हौदातून ओलं पोतं बाजूला करून दोन बाटल्या काढल्या. माझ्या बारातल्या, सपाट चमच्याच्या. दोन आठवड्यांच्या वर झाले होते. चाचांनी एक बाटली कानाजवळ धरली, नखानं टिचकी मारली. मग गिऱ्हाइकांना "जरा रुको" म्हणाले आणि चावीनं टोपण उचललं.

आवाज आला. स्फोटाचा नाही. लांब, बारीक, एकसारखा. कुणीतरी बराच वेळ रोखलेला श्वास सोडावा तसा. आत खालून वर बुडबुड्यांची बारीक माळ चढू लागली.

"सही है," चाचा म्हणाले. "एकदम सही."

न पिणारे आम्ही दोघं बाटलीकडे बघत राहिलो. प्यायला गजा एकटाच होता. त्यानं घोट घेतला, डोळे मिटले. भुवईवरची नवी खूण ताणली गेली.

"कडू हाय थोडी," तो म्हणाला. "पण लेका, जित्ती हाय."

दुसरी बाटली चाचांनी परत हौदात ठेवली. अजून तिथंच आहे.

गेल्या आठवड्यात सुट्टीला तेल्हाऱ्याला आलो होतो. दुपारी बाबा ओसरीत बसून शेजारणीला देण्यासाठी ज्वारी मोजत होते, त्या पितळी मापानं. गजाचा फोन आला. तो आता अमरावतीतच बी.एड. करतो, माझ्या निकालासाठी कॉलेजच्या खिडकीवर माझ्यापेक्षा जास्त वेळा तोच गेला आहे.

"अहवाल आला बे!" तो ओरडला. "सरानं सही केली. निकाल सोडून राहिले तुहा!"

मी भिंतीला टेकलो. "खरं?"

"फोटो पाठोला पाय. फक्त खाली तुही सही पाह्यजे. सोमवारी ये." मग त्याचा आवाज उतरला. "पण आधी नाव वाच."

फोटो उघडला. प्रकल्पाचं पहिलं पान, नवीन टाइप केलेलं. वर माझं नाव. त्याखाली: 'ज्वारीपासून सिरका: एक अभ्यास.' खाली सरांची सही, तीच बारीक, यावेळी निळ्या शाईत. तिच्या शेजारी माझ्यासाठी सोडलेली रिकामी रेघ.

मी तो फोटो मोठा करून शीर्षक परत वाचलं. बाबांनी मान वर केली. "काय झालं?"

मी सांगितलं. निकाल सुटतोय. सही केली की पदवी. फक्त सिरका केला होता असं लिहून द्यायचं.

बाबांचा हात मापावर थांबला. शीग चढलेली होती, दोन दाणे घरंगळून खाली पडले. वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी विचारलं.

"तुनं सिरका केलता?"

"नाही."

"मंग काय केलतं?"

ओसरीत शेजारीण उभी होती, आत माय होती. मी म्हणालो, "बिअर, बाबा. ज्वारीची. तुमीच पाठोलेल्या ज्वारीची. तुम्हाले सरबत म्हणलो होतो, ते खोटं होतं. सरानं सांगतलं होतं, त्याहिच्या हातचं लिवलेलं हाय माह्यापाशी."

बाबांनी ते माप, शिगेसकट, शेजारणीच्या पदरात ओतलं, रिकामं माप माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले,

"मंग तेच लिवजो."